काप्पाला वेडा ठरवलं की आपण सुटलो

टोकियोच्या बाहेर एका गावात वेड्यांचं हॉस्पिटल, तिथला 23 नंबरचा पेशंट. वय तिशीच्या पुढे पण दिसतो पोरगेलासा. भेटायला येईल त्याला हा एकच गोष्ट सांगतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता, आणि गोष्ट संपली की ताडकन उठून मूठ उगारतो आणि समोरच्यावर ओरडतो की चालता हो इथून, तूही त्यांच्यातलाच, मूर्ख, मत्सरी, निर्लज्ज, आपमतलबी जनावर कुठला.

ही अकुतागावा र्‍युनोसुकेच्या 'काप्पा'ची सुरुवात. मार्च 1927 मध्ये 'काइझो' मासिकात ही लघुकादंबरी छापून आली आणि त्याच वर्षी 24 जुलैला लेखकाने आत्महत्या केली, वय अवघं 35. जाताना 'कसलीशी अंधुक अस्वस्थता' असं कारण लिहून गेला. जपानमध्ये त्याचा स्मृतिदिन 'काप्पा-की' याच नावाने पाळतात.

आणि माझ्या मते घोळ इथेच झाला. तेव्हापासून या पुस्तकाबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन वाक्यांत आत्महत्या येते, तिसऱ्यात आई येते. आई येणारच म्हणा, अकुतागावा काही महिन्यांचा असतानाच तिला वेड लागलं, त्याला मामाच्या घरी वाढवलं, आणि आपल्यालाही तेच होणार ही भीती त्याच्या मानगुटीवर जन्मभर होती. हे सगळं खरं आहे. पण याचा परिणाम असा झालाय की आपल्या समाजाची सालटी काढणारं एक जबरदस्त खट्याळ पुस्तक लोक केस पेपरसारखं वाचतात. बिचारा किती त्रासात होता बघा. म्हणजे 23 नंबरच्या पेशंटला गोष्टीतल्या लोकांनी जे केलं तेच आपण लेखकाला केलं, एक खोली दिली, डॉक्टर दिला, आणि बाहेरून कडी घातली.

माझं म्हणणं साधं आहे. उपहासाला मारायला बंदी लागत नाही. लेखकाला आजारी ठरवा, नाहीतर त्याच्या भुताला गोंडस करा, दोन्हीपैकी काहीही चालतं. जपानने काप्पाचं दोन्ही करून दाखवलंय.

आधी काप्पा म्हणजे काय ते सांगतो. नदीत डोहात राहणारं, लहान पोराएवढ्या उंचीचं, पाठीवर कासवाचं कवच आणि डोक्यावर बशीसारखा खळगा, त्यात पाणी. त्या पाण्यात त्याची सगळी ताकद. तुम्ही वाकून नमस्कार केला तर तोही रीत म्हणून वाकतो, पाणी सांडतं आणि तो लुळा पडतो. काकडी भयंकर आवडते, म्हणून तर काकडीच्या सुशीला काप्पामाकी म्हणतात. कुस्तीचा नाद. पण हाच काप्पा घोडे पाण्यात ओढतो आणि पोरांना बुडवतो. कोकणात पाण्यातल्या गिऱ्ह्याची भीती घालतात ना पोरांना, तशातलाच प्रकार.

यानागिता कुनिओने 1910 साली 'तोनो मोनोगातारी' काढलं, इवाते भागातल्या तोनो गावच्या लोककथांचा संग्रह. त्यातला काप्पा अजिबात गोड नाहीये. एका बाईला काप्पासारखं पोर होतं, ते तुकडे करून लहान पिंपांत घालून पुरतात. दुसऱ्या कथेत लाल अंगाचं मोठ्या तोंडाचं पोर जन्मतं, बाप त्याला फाट्यावर टाकून येतो, आणि थोडं पुढे गेल्यावर त्याच्या मनात येतं की अरे, टाकलं कशाला, खेळ म्हणून लोकांना दाखवायला विकलं असतं तर पैसे मिळाले असते, म्हणून माघारी वळतो तर पोर गायब. ही कथा मी वाचली आणि दोन मिनिटं पुस्तक बंद करून बसलो. दुष्काळात तिकडे नवजात पोरं मारायचे आणि त्याला चक्क शेतीतला शब्द वापरायचे, माबिकी, म्हणजे रोपं विरळ करणं. काही अभ्यासक काप्पाच्या गोष्टींचा संबंध याच्याशीच लावतात. म्हणजे अकुतागावाने हा प्राणी उचलला तेव्हा तो कोरा नव्हता, त्याच्या अंगाला आधीच वास होता.

आता त्याने केलं काय ते बघा. पेशंट 23 तीन वर्षांपूर्वी कामिकोचीहून होताका डोंगर चढायला निघतो, धुक्यात त्याला काप्पा दिसतो, त्याच्यामागे पळता पळता हा एका खड्ड्यात पडतो आणि डोळे उघडतो ते काप्पांच्या देशात. तिथे सगळं आहे, डॉक्टर, जज्ज, कवी, तत्त्वज्ञ, उद्योगपती, पेपर, पक्ष, कारखाने. टोकियोच म्हणा ना. फरक एकच, काप्पांना लाज नाही. कपडे घालत नाहीत एवढ्यापुरतं नव्हे हे, शब्दांचे कपडेही ते घालत नाहीत.

उदाहरण घ्या. तिथे महिन्याला सातआठशे नवीन यंत्रं निघतात, माल धडाधड तयार होतो, कामगार कमी होत जातात. तरी पेपरात संपाची एकही बातमी नाही. पेशंटला आश्चर्य वाटतं, तो काचेच्या कंपनीचा मालक गेल याला विचारतो की काढलेल्या कामगारांचं होतं काय. खातो की. गेल सांगतो, या महिन्यात 64,769 काढले, त्यामुळे मटणाचा भाव तेवढा उतरलाय बघा. जज्ज पेप कडवट तोंड करून सांगतो की तसा कायदाच आहे. डॉक्टर चाक हसत समजावतो की उपाशी मरण्याचा किंवा जीव देण्याचा त्रास सरकार वाचवतं, विषारी वायू हुंगवला की झालं, फार दुखतही नाही. पेशंटला मळमळतं तेव्हा चाकच म्हणतो की तुमच्याकडे गरिबांच्या पोरी धंद्याला लागतातच की, मग कामगाराचं मांस खाल्लं म्हणून चिडणं म्हणजे निव्वळ भावुकपणा. आणि गेल सँडविचची प्लेट पुढे करतो.

हा प्रसंग वाचून लोक म्हणतात की किती अतिशयोक्ती. मला यात अतिशयोक्ती दिसतच नाही, उलट त्याने काहीतरी काढून घेतलंय. माणसांच्या जगात त्या 64,769 लोकांसाठी एक शब्द असतो, काटकसर, पुनर्रचना, राईटसायझिंग, काय वाटेल ते, आणि त्या शब्दाच्या मागे सगळ्यांना नीट जेवता येतं. काप्पाच्या देशात तेवढा एक शब्द नाही. बाकी हिशोब तोच. जपानमध्ये तेव्हा बँका कोसळत होत्या बरं का, 'काप्पा' छापून आली त्याच महिन्यात आर्थिक संकट सुरू झालं, आणि दोन वर्षं आधी, 1925 ला, एकाच वर्षात सरकारने 25 वर्षांवरच्या पुरुषांना मत दिलं आणि शांतता रक्षणाचा कायदा आणून डाव्यांना तुरुंगात टाकायची सोयही करून ठेवली. एका हाताने मत, दुसऱ्या हाताने बेडी.

राजकारणाचा भाग तर मला फार आवडतो. सत्तेत क्वोराक्स नावाचा पक्ष आहे. क्वोराक्सचा अर्थ काय? काही नाही, नुसता उद्गार, आपण 'अरेच्चा' म्हणतो तसा. त्याचा नेता रोप्पे, त्याची भाषणं धादांत खोटी, पण सगळ्यांना माहीतच आहे की खोटी आहेत, मग ती प्रामाणिक असल्यासारखीच झाली की नाही! रोप्पेला चालवतो एका पेपरचा मालक कुइकुइ, पेपर कसला तर कामगारांची बाजू घेणारा. कुइकुइला चालवतो गेल. आणि गेलला चालवते त्याची बायको. (हा शेवटचा मुद्दा मला पटत नाही. बायकांबद्दल हे पुस्तक फार घिसंपिटं आहे, काप्पिणी काप्प्यांच्या मागे धावतात, नवऱ्यांना छळतात, सगळ्या गडबडीचं मूळ घरात. आख्ख्या व्यवस्थेवर डोळे वटारणारा माणूस बायकोपाशी आला की गावच्या पारावर बसून बोलल्यासारखं बोलतो.)

मग पाणमांजरांशी युद्ध. कारण? एका काप्पिणीने नवऱ्याला मारायला कोकोत विष घातलं आणि ते चुकून पाहुण्या पाणमांजराने प्यायलं. एवढ्यावरून 3,69,500 काप्पे मेले. गेलने आघाडीवर अन्न म्हणून कोळशाची राख पाठवली, भूक लागली की आम्ही काप्पे काहीही खातो म्हणे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो कारण स्वतः सांगितलं की लफडं उरत नाही. हे वाचून थोडं थांबा. उघड बोललं की सगळं सुधारतं असं आपण समजतो, अकुतागावाला तसं वाटत नव्हतं. त्याचे काप्पे सगळं उघड बोलतात आणि तरी काहीही बदलत नाही. ही त्या पुस्तकातली खरी भयंकर गोष्ट आहे, आणि ती काही मेंदूतल्या रसायनांचा गोंधळ नाही, साधं निरीक्षण आहे.

बरं, आता आजारवाल्यांचा सगळ्यात मोठा पुरावा. काप्पाच्या देशात बाळंतपणाच्या वेळी बाप आईच्या जननेंद्रियाशी तोंड नेऊन टेलिफोनवर बोलल्यासारखं विचारतो, तुला या जगात यायचंय का, नीट विचार करून सांग. बाग नावाच्या मासेमार काप्पाचं पोर आतून उत्तर देतं की मला नाही जन्मायचं, एक तर बापाचं वेड माझ्यात उतरेल, आणि दुसरं, काप्पा असणं हेच मुळात वाईट आहे असं माझं मत आहे. सुईण एक इंजेक्शन देते आणि फुगलेलं पोट हवा गेलेल्या फुग्यासारखं खाली बसतं. यात लेखक स्वतः बोलतोय हे आंधळ्यालाही दिसेल, मी कुठे नाही म्हणतो. पण त्याच्या आधीच एक ओळ आहे तिच्याकडे कोणी बघत नाही. पेशंट डॉक्टर चाकला माणसांतल्या संततिनियमनाबद्दल अगदी गंभीरपणे सांगत असतो, आणि चाक खो खो हसतो, कारण त्यात नुसती आईबापांची सोय बघितलीये, पोराला कोणी विचारलंच नाही. म्हणजे प्रश्न आहे तो कुणाच्या संमतीने कुणाचं आयुष्य ठरतं हा, आणि तो प्रश्न तोनोच्या फाट्यावर टाकलेल्या त्या लाल पोरापासून चालत आलेला आहे.

दुसरा पुरावा म्हणून लोक दाखवतात ते पोस्टर. काप्पांच्या गावात रस्त्याच्या वळणावर पोस्टर लागलंय, आनुवंशिक स्वयंसेवक दलाची भरती: निरोगी काप्प्यांनो आणि काप्पिणींनो, वाईट आनुवंशिकता नष्ट करायची असेल तर रोगी जोडीदाराशी लग्न करा. आईच्या वेडाने पछाडलेल्या माणसाचा विनोद, संपला विषय. पण तसं असेल तर पुढचं काय करायचं? 1940 ला जपानने राष्ट्रीय सुप्रजनन कायदा केला. युद्ध हरल्यावर, लोकशाही आल्यावर, 1948 ला त्याहून कडक कायदा केला आणि तो 1996 पर्यंत चालू होता. साधारण 25,000 लोकांची नसबंदी झाली, त्यातल्या सुमारे 16,500 जणांची संमती न घेता. जपानच्या सुप्रीम कोर्टाने हा कायदा घटनाबाह्य होता असा निकाल दिला 3 जुलै 2024 ला. म्हणजे 'काप्पा'नंतर 97 वर्षांनी. अकुतागावा काही भविष्य सांगत नव्हता, त्याच्या भोवतीच्या शिकल्यासवरल्या लोकांच्या गप्पांत हेच चालू होतं आणि त्याने ते फक्त उलटं करून भिंतीवर चिकटवलं. मग आजारी कोण होतं, सांगा.

त्याने स्वतः एका पत्रात लिहिलंय की 'काप्पा' सगळ्याच गोष्टींच्या, आणि त्यातही विशेष करून स्वतःच्या, किळसेतून जन्मली. टीकाकार याचा दुसरा अर्धा भाग घेऊन बसले. पहिला अर्धा, 'सगळ्याच गोष्टींच्या', हा आपल्यावर येतो म्हणून तो सोडून दिला. हे आपल्याकडेही रोज चालतं, कोणी रस्त्याबद्दल, शाळेबद्दल, नेत्याबद्दल चार शब्द कडू बोलला की खाली पहिली कमेंट येते, फ्रस्ट्रेटेड दिसतोय, जरा पॉझिटिव्ह बघायला शिक. म्हणजे तो चुकीचं बोलला असं नाही हं, फक्त त्याची तब्येत बरी नाही.

याच्या उलट जुनं जपान बघा. 1843 साली उतागावा कुनियोशीने एक चित्र काढलं, आजारी पडलेला योद्धा राइको, समोर पहाऱ्यावर त्याचे सरदार, आणि मागून जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या रूपातल्या राक्षसासोबत भुतांची फौज येतेय. विषय जुना पुराणातला. पण तेव्हा शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, मंत्री मिझुनो तादाकुनी याने काटकसरीच्या नावाखाली नाटकं, चैन, करमणूक यांच्यावर बंद्या घालून लोकांचा जीव नकोसा केला होता, आणि एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, लोकांनी ते चित्र विकत घेऊन प्रत्येक भूत ओळखायला सुरुवात केली, हे भूत अमक्या धंद्याचं, ते तमक्या बंदीत बुडालेल्यांचं, आणि झोपलेला तो राइको म्हणजे शोगुन. प्रकाशकाने घाबरून चित्र मागे घेतलं. त्या काळात चित्रकाराचं डोकं ठिकाणावर आहे का असं कोणी विचारलं नाही, सगळे विचारत होते की हे भूत कोण. 1855 च्या एदोच्या भूकंपानंतर तर शेकड्याने मांगूर माशाची चित्रं निघाली, कारण समजूत अशी की जमिनीखालचा मांगूर हलला की भूकंप होतो. काही चित्रांत लोक त्याला बडवतायत, पण काहींत तोच मांगूर श्रीमंतांना सोन्याची नाणी ओकायला लावतोय आणि बाजूला सुतार खूश, कारण आता घरं बांधायचं काम मिळणार. दोनेक महिन्यांत सरकारने बंदी घातली. बंदी वाईटच, पण ती घालणाऱ्याला चित्र कळलेलं असतं. काप्पाच्या पुस्तकातही हा विनोद आहेच: तिथे पुस्तकं-चित्रांवर बंदी नाही, ती तर सगळ्यांना कळतात, बंदी फक्त संगीतावर, कारण ते कानच नसलेल्या काप्पांना कळत नाही. क्राबाख नावाच्या संगीतकार काप्पाच्या मैफलीत मधेच पोलीस उठून ओरडतो, कार्यक्रम बंद!

आता दुसरा मार्ग, गोंडस करण्याचा. तोनोला आज गेलात तर काप्पाबुची नावाचा ओढा आहे, छान सावली, काठीला काकडी बांधलेली, आणि पर्यटन संघटना तुम्हाला काप्पा पकडायचं परमिट देते. अटी लिहिलेल्या असतात, जिवंत पकडायचा, इजा करायची नाही, आमिष म्हणून ताजी भाजी वापरायची. फार मजेशीर आहे, मी गेलो तर मीही घेईन. ज्या भागात पोर तुकडे करून पुरल्याची गोष्ट सांगितली जायची तिथेच हे परमिट मिळतं, एवढंच म्हणतो. मिझुकी शिगेरुचंही तसंच काहीसं झालं. दुसऱ्या महायुद्धात राबाउलच्या आघाडीवर डावा हात गमावून आलेला माणूस, त्याच्या भुतांच्या कॉमिक्समध्ये युद्धाचा राग ठासून भरलेला, आणि आता त्याच्या गावाजवळच्या विमानतळाला त्याच्या भुताच्या पोराचं, कितारोचं, नाव आहे. गावाला पर्यटक मिळाले, दुकानं चालली, कोणाचं वाईट झालं नाही हे मला मान्य आहे. पण चावणाऱ्या भुताचे दात काढून त्याला दारात उभं केलं की येणारा फोटो काढतो, घाबरत नाही.

ही गोष्ट ज्याला सगळ्यात चांगली कळली तो ताकाहाता इसाओ. त्याच्या 1994 च्या 'पोम पोको' सिनेमात टोकियोबाहेरच्या तामा टेकड्या खणून तिथे नवं शहर उभं राहतंय, जे खरंच 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उभं राहिलं, आणि तिथले तानुकी, रूपं बदलणारे ते गुबगुबीत प्राणी, आपली जंगलं वाचवायला लढतात. सगळी ताकद लावून ते नव्या वसाहतीतून भुतांची प्रचंड मिरवणूक काढतात, जुन्या जपानमधलं प्रत्येक भूत रस्त्यावर उतरवतात, आता माणसं घाबरून पळणार याची खात्री. माणसं गॅलरीत येऊन बघतात, पोरं टाळ्या पिटतात. दुसऱ्या दिवशी एका थीम पार्कचा मालक जाहीर करतो की ती आमची जाहिरात होती. तानुकींचा म्हातारा पुढारी त्या मिरवणुकीत जीव टाकतो आणि त्याचं श्रेय पार्कला जातं.

कोणी म्हणेल, मग लोककथेचा आडोसा घ्यायचाच कशाला, सरळ नाव घेऊन लिहा की. मला हा आडोसा वाटतच नाही. 1927 मध्ये सरळ लिहिलं असतं तर छापताना शब्दांच्या जागी फुल्या पडल्या असत्या हे खरं, तेव्हाच्या जपानी मासिकांत ती रीतच होती, पण काप्पा निवडण्याचं ते मुख्य कारण नाही. सरळ लिहिलेल्या लेखात मालक वाईट असतो आणि वाचक चांगला असतो. काप्पाच्या देशात वाचक पेशंटसोबत फिरतो, पेशंटला तिथे खास संरक्षित रहिवासी म्हणून फुकट घर मिळतं, तो गेलच्या घरी पार्ट्यांना जातो, जज्जाशी गप्पा मारतो, आणि सँडविच बघून ओकतो, पण ओकल्यावर परत त्यांच्याकडेच जातो. तो आणि आपण. माणसांच्या गोष्टीत हे झालं असतं तर आपण लगेच त्याला नावं ठेवली असती, काप्पांमध्ये झालं म्हणून चार पानं आपल्या लक्षातच येत नाही.

पुढे पेशंट माणसांत परत येतो आणि त्याला माणसांचा वास सहन होत नाही. धंदा बुडतो. मग तो 'परत' जायला निघतो, आणि चुओ लाइनची गाडी पकडणार तेवढ्यात त्याला धरून हॉस्पिटलात टाकतात. त्याचे काप्पे मित्र रात्री पाइपांतून भेटायला येतात, काळ्या लिलींचा गुच्छ आणतात जो टेबलावर आपल्याला दिसत नाही, आणि तो एका जुन्या टेलिफोन डिरेक्टरीतून कवी तोकच्या कविता मोठ्याने वाचून दाखवतो. इथे वाचक सुस्कारा सोडतो, चला, वेडाच होता. आणि त्याच वेळी अकुतागावा शेवटची बातमी सोडतो. तो जज्ज पेप आठवतोय? कामगारांना मारायचा कायदा आहे असं सांगणारा? त्याची नोकरी गेली आणि तो खरंच वेडा झाला, आता काप्पांच्या देशातल्या मेंटल हॉस्पिटलात आहे. पेशंट 23 ला त्याला भेटायला जायचंय. डॉक्टरांनी परवानगी दिली तर.